परांग

परांग : त्रिनिदाद व टोबॅगो या कॅरिबियन देशात नाताळच्या दिवसांत घरोघरी फिरून गायिल्या जाणाऱ्या स्पॅनिश लोकगीतांची परंपरा. त्रिनिदाद 1797 पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते. तथापि ही परंपरा दृढ केली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात व्हेनेझुएलातून कोकोच्या मळ्यांवर आलेल्या मजुरांनी. लोपिनो व पारामीन ही डोंगराळ गावे तिची प्रमुख केंद्रे होत. क्वात्रो हे चार तारांचे वाद्य आणि माराका (खुळखुळे) यांच्या साथीने गायक यजमानाच्या दारात गातात. येशूजन्म व मरीयेला मिळालेला देवदूताचा संदेश हे गीतांचे मुख्य विषय. निघताना निरोपाचे वेगळे गीत असते. पाहुणचारात पास्तेल (मक्याच्या पिठाच्या पारीत खिमा, ऑलिव्ह व मनुका भरून केळीच्या पानात उकडलेला पदार्थ), रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा काळा केक व लाल अंबाडीच्या बोंडांचे सॉरेल हे पेय असते. 1970 च्या दशकात इंग्रजी गीतांचे सोका परांग पुढे आले (→ सोका संगीत). 1845 पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांच्या वंशजांच्या संगीताशी संयोग होऊन चटणी परांग निर्माण झाले (→ चटणी संगीत, गिरमिट पद्धती). देशाच्या बहुवांशिक घडणीचे ते ठळक उदाहरण होय. परांगचा हंगाम परंपरेने 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला संपतो.