पदकाची कड

महाड-पोलादपूरकडच्या घरांतून पहिल्या महायुद्धातले पदक समोर आले, की मी राजाच्या मुखवट्याआधी कड पाहतो. तिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी ठशांत असते. मूळ नाव कानशीने काढून दुसरे ठोकले असेल, तर व्यास ३६ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरतो.

‘११० मराठा’ म्हणजे १९१६ मध्ये कूत-अल-अमारा येथे शरण गेलेली पलटण. ‘१११ महार’ १९१७ मध्ये उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. चांदीचे युद्धपदक पुष्कळदा सोनाराच्या मुशीत गेले; ब्राँझचे विजयपदक उरले. ते चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. पलटण उरली नाही. तिच्या शिपायाचे नाव तरी राहू द्या.