हौशी खेळाडूचा रविवार : कपिलधारच्या वाटेवरून एक शोध

जत्रेला तीन प्रकारची माणसे येतात, असे आपल्याकडे म्हणतात : हौशे, नवशे आणि गवशे. आजच्या धाग्यात यांपैकी पहिल्याचा, म्हणजे हौशाचा, इतिहास पाहायचा आहे. मात्र हा हौशी जत्रेतला नाही, शर्यतीतला आहे. रविवारी पहाटे उठून तो पोहतो, सायकल चालवतो, धावतो आणि सोमवारी कामावर हजर होतो.

सुरुवात कपिलधारपासून करू. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या रांगेत हे स्थान आहे. पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि संतकवी मन्मथस्वामींची समाधी ही त्याची ओळख. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे पायी येतात. कित्येकांची चाल अनेक दिवसांची असते.

पायी यात्रा नीट पाहिली तर तिच्यात चालणाऱ्यांइतकीच दुसरी माणसे दिसतात. कोणी सामानाचा टेम्पो घेऊन पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो, कोणी चुली पेटवतो, कोणी सासूबाईंच्या फोड आलेल्या पायांना तेल लावतो. यात्रा करून आलो असे चालणारा म्हणतो, आणि ते खरेच असते. पण तो एकटा आलेला नसतो.

‘हौस’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अरबी ‘हवस’. हिंदीत त्या शब्दाला वासनेचा वास राहिला, मराठीने मात्र त्याला घरात घेतले, साडीचोळीपासून नाटकापर्यंत फिरवले. राज्य नाट्य स्पर्धेतले आपले नट हौशी, जलतरण संघटनेच्या नावातही ‘हौशी’. शब्द इतका आपला झाला की तो मूळचा परका आहे हेच विसरायला झाले.

इंग्लंडमध्ये मात्र ‘हौशी’ हा शब्द कुंपणासारखा वापरला गेला. १८६६ मध्ये तिथल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने नियम केला : जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे तो हौशी नव्हे. पैशासाठी धावू नये, एवढाच मुद्दा असता तर समजण्यासारखे होते. इथे हातांनी काम करून पोट भरणे हीच अपात्रता ठरली. धावण्याच्या क्षेत्रात हा नियम १८८० मध्ये गेला. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत तो १९३७ पर्यंत टिकून राहिला.

१९२० मध्ये अमेरिकेचा जॅक केली हा वल्हेकरी हेन्लीला प्रवेश मागत होता. त्याने तरुणपणी गवंडीकाम केले होते, विटा रचल्या होत्या. प्रवेश नाकारला गेला. त्याच्या क्लबशी जुना वाद हेही एक कारण होते, हे नोंदवले पाहिजे. पण गवंडीकामाचा ठपका जगाच्या लक्षात राहिला. त्याच उन्हाळ्यात अँटवर्प ऑलिंपिकमध्ये केलीने हेन्लीच्या विजेत्याला, जॅक बेरेसफर्डला, एका सेकंदाने हरवले. त्यानंतर थोड्याच वेळात सख्ख्या नात्यातल्या पॉल कॉस्टेलोबरोबर, म्हणजे आपल्या चुलत-आते-मामे भावांच्या भाषेत ‘भावाबरोबर’, त्याने दुसरे सुवर्णही जिंकले.

आता त्याच अँटवर्पमध्ये आपली माणसे पाहा.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा हजर होते. त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्या दिवसाची हकिकत सांगितली. स्पर्धक बहुतेक शेतकरी घरातले, खाणेपिणे बेताचे, पायांत काही नाही. आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. दोराबजींनी तिथेच ठरवले की यांना ऑलिंपिकला पाठवायचे. हेन्लीचा नियम लावला असता तर शेतात राबणारा यांतला एकही मुलगा ‘हौशी’ ठरला नसता.

१९२० च्या त्या छोट्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनला होते. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. कैकाडी लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी, बंगालचे पूर्मा बॅनर्जी कमी पल्ल्यासाठी. कोल्हापूरच्या मातीत घडलेले शिंदे चौथे आले, पदकाच्या अगदी उंबरठ्यावर थांबले.

मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० ला झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. आणि वार? रविवार. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले, एकोणिसावे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. एकाच बोटीने गेलेले, एकाच शर्यतीत उभे राहिलेले दोन सोबती. निकालपत्रात एकाची वेळ आहे, दुसऱ्यापुढे रिकामी जागा. मला त्या रिकाम्या जागेबद्दल नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

रविवारचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्याकडे हौशी खेळाडूची शर्यत रविवारी असते हे इतके अंगवळणी पडले आहे की हा रविवार कुठून आला, असा प्रश्नच पडत नाही. तो आकाशातून पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्याने, ‘दीनबंधू’च्या संपादकाने, १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी होती दर रविवारी सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती ही दुसरी.

सहा वर्षे ही मागणी लोंबकळत राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. घोड्यांच्या शर्यतीसाठी राखलेल्या जमिनीवर उभे राहून माणसांनी स्वतःसाठी एक दिवस मागून घेतला होता. आज मुंबईत रविवारी पहाटे जो कोणी धावतो, त्याच्या पायांखाली ही सभा आहे.

हाताशी मोकळा वेळ आला की माणूस काय करतो, याचे एक मुंबईकर उदाहरण. १५ ऑक्टोबर १९२३ ला व्यायामशाळेतले सहा पारशी मित्र सायकलवर जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. उरलेले तिघे वाटेत निरनिराळ्या टप्प्यांवर वेगळे झाले. इतिहासात ‘तिघांची’ मोहीम म्हणून ती उरली. निघताना मात्र ते सहा होते.

आता ट्रायथलॉन. पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याचा हा खेळ वयाने तरुण आहे. त्या नावाची आधुनिक शर्यत २५ सप्टेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. तो बुधवार होता, संध्याकाळची वेळ, म्हणजे कामावरून सुटल्यावरची. शर्यतीत नौदलातले जॉन कॉलिन्स, त्यांच्या पत्नी ज्युडी आणि त्यांची मुले असे अख्खे कुटुंब उतरले होते. या खेळाच्या जन्मपत्रिकेत कुटुंब पहिल्या घरात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कॉलिन्स दांपत्य पुढे हवाईला गेले. तिथे पोहणारा अधिक कणखर, सायकलवाला की धावणारा, असा वाद रंगला. तोडगा म्हणून बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी सलग करायचे ठरले : ३.८६ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.१९५ किलोमीटर धावणे. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जण पोचले. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. हीच पहिली आयर्नमॅन.

या शर्यतीतला एक नियम फारसा सांगितला जात नाही. वाटेत पाण्याची सोय आयोजकांकडे नव्हती. प्रत्येकाने आपापली माणसे, आपापली गाडी, आपापले पाणी आणायचे होते. जॉन डनबार धावण्याच्या टप्प्यात आघाडीवर होता. त्याच्या सोबत्यांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बीअर दिली. तो दुसरा आला. या किश्शावर लोक हसतात. पण त्या गाडीतल्या माणसांचा विचार करा : भर उन्हात, आघाडीवरचा मित्र समोरून येतो आहे आणि डबा रिकामा आहे.

महाराष्ट्रात हा खेळ उशिरा रुजला. रुजला तो असाच, माणसांच्या गोतावळ्यात. राष्ट्रीय पातळीवर पोहण्यात नाव कमावलेले मिलिंद सोमण जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीच्या तोंडावर, झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण करून आले. पुढच्या वर्षी त्यांच्या अहमदाबाद ते मुंबई दौडीत त्यांच्या आई, उषा सोमण, साडीत आणि अनवाणी पायांनी काही अंतर सोबत आल्या. १९१९ च्या अनवाणी पायांशी याची तुलना मोहाची आहे, पण ती चुकीची ठरेल. जिमखान्यावरच्या मुलांपुढे निवड नव्हती.

त्याच २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या गटात ९ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत डोळा लावतो आहे, आणि चालक, वाट दाखवणारा, जेवण बनवणारा असा ताफा अहोरात्र मागे. कपिलधारच्या यात्रेतला पुढे गेलेला टेम्पो आठवतो ना? काम तेच.

२० ऑक्टोबर २०१९, पुन्हा रविवार. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली : १.९ किलोमीटर समुद्र, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. कोल्हापुरात राजाराम तलावातून सुरू होणारी ट्रायथलॉनही आता मुरली आहे. अशा शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सायकल तपासणीच्या रांगेत एकेका खेळाडूमागे दोन-तीन माणसे दिसतात. हवा भरायचा पंप बाबांच्या हातात, केळ्यांची पिशवी बायकोच्या खांद्यावर, क्रमांकाचा कागद मुलाच्या छातीवर उलटा चिकटलेला. तिघा सोबत्यांनी एकेक टप्पा वाटून घेण्याचीही सोय असते. त्यात पोहून आलेला मित्र पायाला बांधलेली चिप सोडून सायकलवाल्याच्या पायाला बांधतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात दोघांचीही बोटे थरथरत असतात.

गोव्याची ती पहिली शर्यत जिंकली बिश्वोरजीत सायखोम यांनी. ते मूळचे मणिपूरचे आणि पेशाने सैनिक. इथून आपल्याला पुन्हा बीडकडे वळावे लागते.

कारण बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले कमी नाहीत. पण त्यांना विचारा : कशासाठी धावतोस? उत्तर येईल, ‘भरतीसाठी’. पोलीस भरतीचे किंवा सैन्याचे १६०० मीटर. जत्रेच्या भाषेत सांगायचे तर ही मुले हौशे नाहीत, नवशे आहेत. दिवाळीनंतर या जिल्ह्यातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मजुरी टनावर मिळते. लोखंडेंनी मिळवलेला रविवार उसाच्या फडापर्यंत अजून पोचलेला नाही.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे याच मातीतला. आईवडील अल्पभूधारक, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा ६ किलोमीटर दूर, जाणे-येणे पायी किंवा धावत. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. धावपटू म्हणून त्याला ओळखले ते तिथे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ पासून या शर्यतीतली तिन्ही पदके दरवेळी केनियाच नेत आली होती. २०२३ ला आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. जॅक केली विटा रचत होता. इथे आईवडील विटा भाजत होते. साबळेला कोणी कुंपणाबाहेर ठेवले नाही. मात्र त्याला धावण्याची हौस करायला आधी सैन्याचा पगार सुरू व्हावा लागला.

१८६६ च्या त्या नियमातले शब्द गेले. कार्बनची सायकल, प्रवेशशुल्क, दोन रात्रींचा मुक्काम आणि शनिवार-रविवारची रजा यांची बेरीज मात्र आजही बरेच काही ठरवते. हौसेला मोल नाही म्हणतात. शर्यतीच्या हौसेला आहे, आणि ते चुकते करणाऱ्यांत खेळाडूच्या घरचे पहिले असतात. म्हणूनच पायी यात्रेचा ताफा मला अधिक आश्चर्याचा वाटतो. तिथे टेम्पो, चूल आणि तेलाची वाटी गावाची असते. मजुरी बुडवून आलेला आणि दुकान बंद करून आलेला एकाच पंक्तीत जेवतात.

धागा इथे थांबवतो. तुमच्या घरी आजोबांचे, मामांचे किंवा आत्याचे एखाद्या शर्यतीचे, सायकल फेरीचे, पोहण्याच्या स्पर्धेचे जुने छायाचित्र असेल तर खाली जरूर टाका. मधल्या विजेत्याचे नाव बहुधा मागे लिहिलेले असतेच. कडेला टॉवेल घेऊन उभे असलेले कोण, ते घरातल्या थोरांना विचारून लिहा.