रवंथाचा शोध : दातांपासून सूक्ष्मजीवांपर्यंत

गायीच्या पचनक्रियेची शास्त्रीय चिकित्सा दोन हजारांहून अधिक वर्षे चालू आहे. मात्र ती दीर्घकाळ दात आणि जठर यांच्या रचनेभोवतीच फिरत राहिली आणि चारा नेमका कोण पचवतो, या प्रश्नाकडे अभ्यासक फार उशिरा वळले. इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने रवंथ करणाऱ्या शिंगांच्या प्राण्यांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसणे आणि त्यांचे जठर चार कप्प्यांचे असणे यांची सांगड घातली. दातांकडून अपुरे राहिलेले काम हे कप्पे पुरे करतात, असे त्याचे प्रतिपादन होते. या कप्प्यांना मराठीत कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरेपोट म्हणतात. त्यांतील कोटीपोट सर्वांत मोठे असून पूर्ण वाढलेल्या गायीत त्यात १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो.

पुढे १६८५ मध्ये योहान कॉनराड पेयर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने केवळ रवंथावर लॅटिन ग्रंथ लिहिला, तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये प्येर फ्लुरांस याने मेंढ्यांवर प्रयोग करून घासाचा मार्ग तपासला. घाईने गिळलेला चारा आधी कोटीपोटात भिजतो, मग त्याचा घास तोंडात परत येतो आणि लाळेसह बारीक होऊन पुन्हा खाली जातो. तथापि कितीही चर्वण केले तरी वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज हे चिवट द्रव्य विघटित होत नाही, कारण ते तोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, गायीचे स्वतःचे शरीर तयार करीत नाही.

हे कोडे सुटण्याची दिशा १८४३ मध्ये दिसू लागली, जेव्हा ग्रुबी आणि देलाफों यांनी रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरात आदिजीव, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म जीव, असल्याचे नोंदविले. १८८० च्या दशकात जर्मनीत टापायनर याने सेल्युलोजचे विघटन सूक्ष्मजीवांच्या किण्वनाने, म्हणजे आंबण्याच्या क्रियेने, होते हे प्रयोगाने दाखविले. या किण्वनातून निर्माण होणारी मेदाम्ले कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शोषली जातात, हे १९४० च्या दशकात केंब्रिज येथे जोसेफ बारक्रॉफ्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा याच आम्लांतून मिळतो. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट हंगेट याने प्राणवायूविरहित वातावरणात कोटीपोटातील जीवाणू वाढविण्याची पद्धत विकसित केली.

या संशोधनाचा सर्वांत ठळक परिणाम १९६० च्या दशकात फिनलंडमध्ये दिसला. आर्टुरी विर्टानेन याने प्रथिने वगळून नत्रासाठी युरिया आणि अमोनियम क्षार दिलेल्या गायींनीही दूध दिले, कारण त्या नत्रापासून सूक्ष्मजीव प्रथिने बनवतात आणि पुढच्या कप्प्यांत ते सूक्ष्मजीवच गायीचे अन्न होतात. कडब्यावर किंवा पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करण्याची, तसेच आहारातील धान्याचे प्रमाण हळूहळू वाढविण्याची आजची शिफारस याच ज्ञानावर उभी आहे. धान्य एकाएकी वाढविल्यास आम्ल साचून कोटीपोटातील जीवसृष्टीचा तोल ढळतो आणि जनावर आजारी पडते, म्हणून गोठ्यातील आहार ठरविताना गायीइतकाच तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांचाही विचार करावा लागतो.