उपनगरातील प्रेमभंगाची गाणी

विरह आणि प्रेमभंग यांत आपल्या जुन्या वाङ्मयाने मोठे अंतर राखले आहे. विरहिणीचा प्रियकर दूर असतो, पण तो तिचाच असतो. ज्ञानदेवांच्या विराण्यांत जीव ज्याच्यासाठी तळमळतो तो भेटणार, याविषयी शंका नसते. पेशवाईतील लावणीत नवरा मोहिमेवर गेलेला असतो आणि बायको दिवस मोजीत बसलेली असते. होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या नायिका रुसतात, खडसावतात, गळ घालतात. समोरचा ऐकतो आहे ही त्यांची खात्री असते. डफ-तुणतुण्याच्या साथीने शेकडो माणसांपुढे गावयाचे गाणे असेच असणार. परंतु ज्या प्रेमाला उत्तरच मिळावयाचे नाही, ज्याच्यावर ते जडले त्याला ज्याची कदाचित वार्ताही नाही, ते प्रेम फडावर खड्या आवाजात कसे सांगावे? नाटकगृहातही तीच अडचण. शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत पोहोचणारी तान घेऊन मनातल्या मनात कुढता येत नाही. फारसी-उर्दू गझलेत अशा प्रेमाला मानाचे पान होते, आणि माधव जूलियनांनी १९३३ साली ‘गज्जलांजलि’ प्रसिद्ध करून ती रीत मराठीत रुजविण्याचा यत्न केला. पण तो सुशिक्षितांच्या टेबलावरील ग्रंथ. अशिक्षितांच्याही ओठी हे प्रेम बसले ते मुंबईच्या उत्तरेकडील लोहमार्गाच्या कडेने, आणि त्याला एक यंत्र कारण झाले, असे आमचे मत आहे.

ते यंत्र म्हणजे मायक्रोफोन. कुजबुज हजारोंच्या कानी घालण्याची सोय माणसाला प्रथमच लाभली. हा फरक जपानात आमच्याही आधी दिसून आला. १९३१ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबईत ‘आलम आरा’ पडद्यावर बोलू लागली त्याच वर्षी, तिकडे कोलंबिया कंपनीने एक तबकडी काढली. तिच्या नावाचा अर्थ ‘मद्य हे अश्रू की उसासा’ असा. शब्द ताकाहाशी किकुतारो यांचे, चाल कोगा मासाओ यांची. आवडती व्यक्ती आपली होणार नाही हे कळून चुकलेला मनुष्य आपले दुःख पेल्यात ओततो, एवढाच विषय. पण गायक फुजियामा इचिरो याने ते मायक्रोफोनच्या अगदी जवळ राहून, आवाज न चढविता, गिटारच्या संथ साथीवर म्हटले, आणि सारा देश ते गुणगुणू लागला. पुढच्याच वर्षी याच जोडीचे ‘छायेच्या ओढीने’ अशा अर्थाच्या नावाचे गीत आले. त्याचे शब्दही कोगांचेच होते आणि ते त्यांच्या स्वतःच्या निराशेच्या दिवसांतून निघालेले होते.

यात एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. फुजियामा इचिरो हे त्या तरुणाचे खरे नाव नव्हते. तो तोकियोच्या सरकारी संगीत विद्यालयात शिकत होता, आणि विद्यार्थ्याने बाहेर गाणे तेथे निषिद्ध होते. म्हणून त्याने टोपणनाव घेतले. गुपित फुटले तेव्हा त्याला शिक्षाही झाली. हळुवार दुःखाचे हे गाणे घरोघर हवे होते, पण ते गाणाऱ्याने उघड्या नावाने गावे हे मात्र कोणाला रुचत नव्हते.

आता मालाडकडे वळू. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली होती. १९३४ साली हिमांशु राय व देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज ही संस्था काढली आणि मालाडला चित्रगृह उभारले. शहराचा गलका तेथे नव्हता, आणि बोलपटाला शांतता लागते. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे जर्मन. संगीत मात्र एका पारशी तरुणीकडे होते. खुर्शीद होमजी ही पंडित भातखंड्यांची शिष्या. पारशी मुलींनी बोलपटात जावे याविरुद्ध त्या समाजात एवढे काहूर उठले की, तिने सरस्वतीदेवी हे नाव घेतले व तिच्या बहिणीने चंद्रप्रभा. ‘जवानी की हवा’ या १९३५ च्या चित्रपटात चंद्रप्रभेचा घसा बसला असता पडद्याआडून सरस्वतीदेवीच गायली. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, आणि नावे दोघींचीही उसनी! पुढील वर्षीच्या ‘अछूत कन्ये’त ब्राह्मणाचा मुलगा आणि अस्पृश्य मानलेल्या फाटकवाल्याची मुलगी यांचे प्रेम समाज फळू देत नाही, आणि नायिकेचा अंत रेल्वेच्या रुळांवर होतो. त्यातील गाणी देविका राणी व अशोककुमार यांनी स्वतः म्हटली. दोघेही मोठे गवई नव्हते, पण यंत्रापुढे ते चालून गेले. नाटकगृहात दोन दिवसही निभावते ना.

१९४३ साली शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळी बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडली आणि त्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान काढली. अंतर एका स्थानकाचे. आमच्या विषयातील सर्वांत महत्त्वाची घटना या एका स्थानकाच्या अंतरातच घडली. लाहोरचे संगीतकार गुलाम हैदर हे दीनानाथ मंगेशकरांच्या मुलीला घेऊन ‘शहीद’साठी फिल्मिस्तानमध्ये गेले होते. बाप १९४२ साली गेलेला, आश्रय देणारे मास्टर विनायक १९४७ साली गेले, आणि घरातील माणसांचे पोट या मुलीवर. मुखर्जींनी आवाज ऐकला आणि तो फार पातळ आहे असे म्हणून नाकारला. गुलाम हैदर संतापले. लताबाईंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, गोरेगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता गुलाम हैदरांनी सिगारेटच्या डब्यावर ठेका धरला, एक चाल गुणगुणली आणि तिला म्हणावयास लावली. मग ते तिला मालाडला घेऊन गेले. १९४८ च्या ‘मजबूर’ मधील ‘दिल मेरा तोडा’ हे गीत त्या चालीचे. नाकारल्या गेलेल्या हृदयाचे हे गाणे नुकत्याच नाकारल्या गेलेल्या आवाजाने म्हटले, आणि ज्या पातळपणासाठी तो नाकारला तोच त्याचा गुण ठरला. भरदार आवाज नकार ऐकून भांडतो. हा आवाज नुसता उभा राहतो.

१९४९ च्या ‘महल’ची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. ‘आयेगा आनेवाला’चा आरंभ दुरून येत असल्यासारखा वाटावा म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातील हा प्रयोग आम्हांस त्या काळातील कित्येक कवितांहून बोलका वाटतो. तबकडी निघाली तेव्हा गायिकेच्या जागी ‘कामिनी’ असे नायिकेचे नाव छापलेले होते. हे कोण गाते, अशी विचारणा आकाशवाणीकडे होऊ लागली, तेव्हा कोठे खरे नाव बाहेर आले. त्या चित्रपटात खरे एकतर्फी प्रेम आहे ते नायकाच्या पत्नीचे. नवरा छायेमागे धावतो आणि ती विष घेते. पण प्रेक्षकांनी हृदयाशी धरले ते छायेचेच गाणे. खेमचंद प्रकाश १९५० च्या ऑगस्टमध्ये वारले.

मध्यमवर्गीय घरांनी ही गाणी इतक्या सहजी आत का घेतली असावीत? सफल प्रेमाचे गाणे वडीलधाऱ्यांदेखत म्हणावयाची मुलींना चोरी होती. प्रेमभंगाच्या गाण्यात मात्र काहीच घडत नाही. कोणी कोणाचा हात धरीत नाही, आणि शेवटी सर्व जण आपापल्या घरी असतात. भांडी घासता घासता ते म्हटले तर कोण हरकत घेणार? ज्यांच्या मनात खरोखरच तसे काही होते त्यांना तेवढाच आडोसा मिळाला. ही सवलत जाणूनबुजून दिली गेली नाही, पण घेणाऱ्यांनी ती घेतली.

बॉम्बे टॉकीज १९५४ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या आवारात लहान लहान कारखाने आले. १९६६ साली कोगांनी मिसोरा हिबारी या गायिकेसाठी पुन्हा मद्य आणि एकटेपण यांवरचेच गीत दिले व तेही गाजले. त्याच साली मुंबईचा ‘लव्ह इन टोकियो’ प्रदर्शित झाला. नायक जॉय मुखर्जी हा शशधर मुखर्जींचा मुलगा, आणि त्यातील जपानी भाषेत निरोप घेणाऱ्या गाण्याला आवाज होता लताबाईंचा.