ऐतिहासिक जहाजांचे जतन
सेवेतून निवृत्त झालेल्या जहाजाचा सांगाडा, यंत्रे व मूळ साहित्य टिकवण्याचे तंत्र. महाराष्ट्रात त्याचा मोठा प्रयोग भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिच्यावर झाला. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईत तरते संग्रहालय होती.

पोलादी तळ सतत खाऱ्या पाण्यात राहिला की गंजाने पत्रा पातळ होतो. पाणी व हवा आलटून पालटून लागतात त्या जलरेषेलगत झीज विशेष असते. तळाची पूर्ण तपासणी व रंगकाम सुक्या गोदीतच शक्य होते (पहा : गोदी), आणि सुमारे २१३ मी. लांबीच्या नौकेसाठी ते फार खर्चिक ठरते. विक्रांत २०१२ मध्ये असुरक्षित म्हणून बंद झाली व २०१४ च्या अखेरीस मुंबईतच तोडण्यास घेतली गेली. ही हानी भरून येणारी नाही.

लाकडी जहाजांत पावसाचे गोडे पाणी मुरून बुरशी धरते, तर कण्याला कालांतराने बाक येतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली (पहा : वाडिया घराणे) व १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ दुरुस्तीनंतर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागातील तेल लोखंडी खिळ्यांचे रक्षण करते. ओकमधील आम्ल मात्र असे खिळे खाते.