अर्धा दम घरी न्यायचा

“मामाजी, बॅटरी निम्मी शिल्लक असताना शर्यत संपवायची कायले?”

भाच्याने हे विचारलं ते जानेवारी २०१५ मध्ये, लाखनी तालुक्यातल्या एका राइस मिलच्या पटांगणात. उसना तांदूळ करायचा तर उकडलेलं धान वाळवायला जागा लागते. आमच्याकडच्या जुन्या मिलांना त्यासाठी सिमेंटचं मोठं पटांगण असतं. मालकाच्या हातापाया पडून रविवारची दुपार मागून घेतली होती. भाचा तेव्हा नागपुरात इंजिनिअरिंगला. त्याच्याकडे तामियाची टीटी-०२ आणि त्याच्या मित्राकडे तशीच दुसरी: खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची, विजेवर चालणारी, रिमोटची गाडी. ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून वळणं आखली. पहिल्याच फेरीत दोन्ही गाड्या भोवऱ्यासारख्या गरगरल्या, कारण सिमेंटवर कोंड्याची बारीक पूड होती. भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की बाहेरदेशी ट्रॅकवर साखरेचं पाणी शिंपडतात, ते सुकलं की टायर धरून ठेवतं. शिंपडलं, आणि गाड्या खरंच वळू लागल्या. सोमवारी सकाळी पटांगणभर मुंग्या होत्या. मालक जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दुपारी शेदीडशे माणसं जमली होती, त्यात म्हातारेच जास्त. एकाने काठीवर हनुवटी टेकून गाड्या न्याहाळल्या आणि विचारलं, “जोडी कुठची?”

“जपानची, आजोबा,” भाचा म्हणाला.

हशा पिकला. पण म्हातारे कशाला आले होते ते मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात शंकरपट नव्हता.

भंडाऱ्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दिवाळीत धान कापणीला येतं. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, आणि बांध्या मोकळ्या झाल्या की पटाचे दिवस सुरू होतात. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सगळ्या झाडीपट्टीत पटाच्या निमित्ताने पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री नाटक होतं. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांना याच मोसमात उसंत नसते. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पटाच्या दिवशी दिवसा दाणीवर, म्हणजे जोड्या धावतात त्या पट्ट्यावर, भोंगे लावायचे आणि रात्री तेच काढून नाटकाच्या मंडपात टांगायचे, हा माझा हिवाळा.

माझे बाबा पटाचे शौकीन होते. जोडी एकच, तीही नांगराची. पटाच्या दोन महिने आधीपासून उडदाची भरड आणि जवसाची ढेप सुरू व्हायची. आई म्हणायची, पोरांपेक्षा बैलं बरी खातात. पट असतो अवघ्या काही सेकंदांचा. काही गावांत दोन जोड्या बाजूबाजूने सुटतात, काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळाशी धावते. पलीकडच्या टोकाला तरणी पोरं जोड्या आवरायला उभी असतात. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, एवढ्यासाठी एवढं? त्यांचं उत्तर होतं, “बैलाचा अर्धा दम घरी न्यायचा असतो. उद्या गाडीला जुंपायचा हाय ना त्याले.”

पटाचं अंतर ज्या कोणी पहिल्यांदा आखलं, त्याच्या डोक्यात हाच हिशोब असला पाहिजे. धावणारा बैल म्हणजे शेतीचं भांडवल. तो एका दुपारी संपवून कसं चालेल?

नव्वदच्या दशकात पटाच्या कमिटीने मला घड्याळ करायला सांगितलं. हातातल्या स्टॉपवॉचवरून भांडणं होत होती. मी एक साधं स्टॉपवॉच उघडलं, त्याच्या बटणाच्या दोन टोकांना तारा झाळल्या आणि त्या रिलेला जोडल्या. दाणीच्या एका बाजूला बल्ब आणि समोर उजेड ओळखणारा एलडीआर. बैलाने उजेड अडवला की रिले खटकन पडायचा. पहिल्या दिवशी भर उन्हात ते चाललंच नाही, कारण सूर्यापुढे बल्ब काय दिसणार? मग एलडीआर आतून काळ्या रंगाने माखलेल्या वीतभर नळीत बसवला. तेव्हापासून घड्याळ बैलाला ओळखायला लागलं. पण कुत्र्यालाही ओळखायचं. एकदा अंतिम फेरीत कुत्रं आडवं गेलं, घड्याळ थांबलं, आणि मला मंडपामागून घरी जावं लागलं.

भाच्यामुळे मला फार उशिरा कळलं की हॉलंडमधल्या लोकांनी हेच कोडं १९८२ साली सोडवलं होतं, तेही या रिमोटच्या गाड्यांसाठी. त्याआधी तिथेही माणसं टेबलाशी बसून गाड्यांचे नंबर पुकारत फेऱ्या मोजायची. एएमबी नावाच्या कंपनीने प्रत्येक गाडीत एक छोटा ट्रान्सपाँडर बसवला. ट्रॅकखाली तारेचं वेटोळं घातलं. गाडी त्यावरून गेली की ती आपला नंबर स्वतः सांगते. तिथे मध्ये कुत्रं गेलं तरी काही बिघडत नाही, कारण कुत्र्याच्या गळ्यात ट्रान्सपाँडर नसतो. पुढे हीच युक्ती खऱ्या मोटारींच्या शर्यतींपर्यंत पोचली. खेळण्यातून मोठ्यांकडे गेलेली गोष्ट म्हणून ती मला जास्त आवडते. आमच्याकडे उलटं झालं. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये नागपुरात तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांवरचे लाकडी बैल दोरीने ओढत पोरं मिरवतात. मोठ्यांचा बैल लहानांच्या मापात आला, तो असा.

रिमोटच्या मोटारींचा इतिहास माझ्या वयाचाच आहे. १९६६ च्या सुमारास इटलीत एल-जी या खेळणी कंपनीने फेरारीची बारावा भाग मापाची विजेवरची गाडी बाजारात आणली. पुढे काही वर्षं तेलाच्या इंजिनांचा जोर होता. त्या गाड्या मोठ्या, धुराच्या आणि कानठळ्या बसवणाऱ्या. १९७६ मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ आणली. तिची कथा आम्हा मेकॅनिक लोकांना पाठ असावी अशी आहे. मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. परत जुळवायला मात्र कंपनीचे मेकॅनिक बोलवावे लागले. साच्यांचा खर्च निघावा म्हणून त्याच मॉडेलमध्ये मोटर आणि बॅटरी बसवून ते रिमोटवर चालवलं. विजेच्या गाडीला धूर नाही, आवाज नाही. त्यामुळे शर्यत सभागृहात आली, गाड्या उभ्या करायच्या जागेत आली. १९८२ मध्ये अमेरिकेत अनाहाइमला बारावा भाग मापाच्या विजेच्या गाड्यांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. त्या काळी गाडीत निकेल-कॅडमियमचे सेल असायचे. एकेक १.२ व्होल्टचा आणि धारणा साधारण १२०० मिलिअँपिअर-तास. शर्यत आठ मिनिटांची. मी दुकानातल्या बिलाच्या पाठीमागे भाच्याला हिशोब करून दाखवला: १.२ अँपिअर-तासांना आठ मिनिटांनी भागायचं, म्हणजे सरासरी ९ अँपिअर. त्याहून जास्त ओढलं की सातव्या मिनिटाला गाडी रांगणार. म्हणून मोटरवर लहान पिनियन लावायचा, वळणात बोट सैल सोडायचं, सरळ पट्ट्यावर मोह आवरायचा. हौशी लोक एकेक सेल मोजून सारख्या दमाचे सेल निवडायचे आणि त्यांचा पॅक बांधायचे. बाबासुद्धा जोडी निवडताना हेच बघत. एक बैल जोराचा आणि दुसरा मंद असला तर जोराचा वाया जातो.

“म्हणजे शर्यत आठ मिनिटांची होती, कारण बॅटरी आठ मिनिटांची होती?”

मी मान डोलावली.

“आणि आता?” त्याने विचारलं.

आता लिथियम-पॉलिमर आहे, ब्रशशिवायची मोटर आहे. दशांश मापाच्या टूरिंग गाडीची शर्यत पाच मिनिटांचीच राहिली, बारावा भागवाल्यांची आठ मिनिटांची. दम वाढला, पण शर्यत तेवढीच राहिली. रेडिओचंही तसंच. पूर्वी २७ मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल असायचे. दोघांचे क्रिस्टल एकाच चॅनेलचे निघाले की तुम्ही तुमचं चाक फिरवलं तर माझी गाडी भिंतीवर. म्हणून शर्यतीच्या जागी फळीवर चिमटे लावलेले असायचे, एका फ्रिक्वेन्सीला एकच. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट आल्यावर ते चिमटे गेले. माझ्या दुकानात मात्र जुन्या क्रिस्टलची एक डबी अजून आहे.

पटाची कहाणीही अशीच आणि वेगळीही. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला खेळात वापरायच्या प्राण्यांच्या बंदीयादीत टाकलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. आम्ही चिडलो. पण तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाची आर बैलाच्या पाठीत रुतताना मी माइकच्या जागेवरून पाहिलेली आहे, त्यामुळे न्यायालयाचं सगळंच चुकलं असं मला म्हणता येत नाही. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, काठी आणि आर बंद, धाव एक हजार मीटरच्या आत.

पट परत आला तेव्हा मी भोंगे घेऊन गेलो. घड्याळ माझं नव्हतं, तयार डिजिटल होतं, आकडे लांबूनही दिसणारे. जोड्या पाहिल्या. देखण्या, चमकत्या अंगाच्या, आणि त्यांतल्या बऱ्याच नांगर कधी न ओढलेल्या. गावातली नांगरणी, चिखलणी सगळी ट्रॅक्टरने होते. उद्या गाडीला जुंपायचा म्हणून दम राखायची गरज कुणालाच राहिलेली नाही. तरी दाण जवळजवळ तेवढीच आखलेली होती, जेवढी बाबा चालून दाखवायचे.

भाचा आता पुण्याला असतो. दिवाळीत येतो तेव्हा गाड्या आणतो. मागच्या वेळी पाच मिनिटं संपल्यावर त्याने पॅक काढला आणि मीटर लावला. प्रत्येक सेल ३.८ व्होल्ट. तो पॅक चार्जरला न लावता तसाच पेटीत ठेवायला लागला. मी विचारलं, भरून का नाही ठेवत?

“लिथियमचा पॅक भरून ठेवला तर फुगतो, मामाजी. पार रिकामा ठेवला तर मरतो. अर्धाच ठेवायचा.”

मी काही बोललो नाही. पेटीचं झाकण त्याच्या हातून घेऊन लावलं.