कानशीला घातलेला लगाम

एका बंदुकीचा चाप काढून तशाच दुसऱ्या बंदुकीत बसवला, तरी तो चपखल बसतो. याचं श्रेय आपण यंत्रांना देतो. मला ते आधी कानशीला द्यावंसं वाटतं.

अठराव्या शतकातली चकमकीची बंदूक घ्या. तिचा घोडा, चाप, कमान लोहार ठोकून द्यायचा. पुढचं सगळं कानशीवर. थोडं घासायचं, बसवून पाहायचं, अडलं तिथे पुन्हा घासायचं. भाग जुळायचे, पण त्याच बंदुकीपुरते. लढाईत कमान तुटली, तर शेजारच्या मोडक्या बंदुकीतली कमान तशीच्या तशी क्वचितच बसे.

फ्रान्सचे बंदूक-कारागीर ओनोरे ब्लाँ यांनी हा हिशेब बदलला. भाग साच्यात ठोकायचा आणि फर्म्यात धरून घासायचा. फर्म्याची युक्ती मला फार देखणी वाटते. फर्मा पाणी पाजलेल्या पोलादाचा, भाग अजून मऊ. फर्म्याच्या कडेबाहेर जेवढं डोकावेल तेवढंच घासलं जातं. कानस कडेला टेकली की दात धरत नाहीत, ती नुसती घसरते आणि हाताला कळतं, आता पुरे. माप कारागिराच्या नजरेतून निघून पोलादात जाऊन बसलं.

1785 साली पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात ब्लाँ यांनी 50 बंदुकांच्या चाप-यंत्रणा सुट्या करून कप्प्यांत मांडल्या. अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत थॉमस जेफरसन यांनी हाताला लागतील ते तुकडे उचलून काही यंत्रणा स्वतः जोडल्या. त्या बिनचूक जुळल्या. 30 ऑगस्टला त्यांनी हे अमेरिकेचे परराष्ट्र सचिव जॉन जे यांना पत्राने कळवलं.

पुढे अमेरिकेत अशा अदलाबदल करता येणाऱ्या भागांसाठी नाव झालं बंदुका बनवणारे एली व्हिटनी यांचं. पण त्यांच्या ज्या बंदुका आज उरल्या आहेत, त्यांचे भाग एकमेकींत बसत नाहीत. खरं काम हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात जॉन हॉल यांनी 1820 च्या दशकात केलं. त्यांच्याकडे यंत्रं होती, मापं तपासायचे गेजही होते. तरीही यंत्राने कापलेल्या भागावर शेवटचा हात कानशीचाच फिरे. सरकारी कारखान्यांत कानसकाम करणाऱ्यांची रांग त्यानंतरही कित्येक वर्षं बसलेली होती.

आपल्या आयटीआयमध्ये फिटरचं शिक्षण आजही कानसकामापासूनच सुरू होतं. वाईसमध्ये लोखंडाचा तुकडा, हातात कानस. मुलगा घासतो, गुण्या लावतो, तुकडा उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला, की तुकडा पुन्हा वाईसमध्ये.